भेग बुजवणारे जिवाणू, रोमन काँक्रीट आणि १९८४ची इमारत: आधी सळईचं बोला

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवली पश्चिमेला, गोराई खाडीपासून फार लांब नसलेली, १९८४ची तळमजला अधिक चार मजल्यांची सोसायटी. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ‘सी-टू-बी’ शेरा आला आहे, म्हणजे लोकांना घराबाहेर न काढता मोठी दुरुस्ती. एका कंत्राटदाराचं म्हणणं, तोडफोड कशाला, आता जिवाणूंचं केमिकल आलंय, भेगेत सोडलं की भेग आपोआप बुजते. कमिटीतल्या एका सभासदांनी ग्रुपवर रोमन काँक्रीटवरचा लेख टाकून ‘दोन हजार वर्षं टिकणाऱ्या काँक्रीटचं रहस्य सापडलंय, मग आपण जुन्याच पद्धतीवर पैसे का घालवतोय’ असं विचारलंय. गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर (गळती रोखायला गच्चीवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर) नवा कोबा घालावा का, आणि डक्टमधला पिंपळ कसा काढावा, हे दोन प्रश्न सेक्रेटरींनी जाता जाता जोडले आहेत. ऑडिट अहवालाची काही पानंही पाठवली आहेत.

आधी उत्तर, मग कारणं. जिवाणूंचं संशोधन खरं आहे. रोमन काँक्रीटचं संशोधनही खरं आहे. पण तुमच्या इमारतीचा आजार भेग हा नाही. भेग हे लक्षण आहे. आजार सळईला आहे. त्यामुळे कोणी कितीही नवं तंत्र घेऊन आलं तरी त्याला पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: याने सळईचं काय होणार?

काँक्रीटमधली सळई एरवी गंजत नाही, कारण सिमेंटच्या अल्कलीत तिच्यावर एक अतिशय पातळ संरक्षक थर बसतो. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबारा-तेराच्या आसपास असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, सिमेंटमधल्या चुन्याशी त्याची क्रिया होते आणि सामू नऊच्या खाली उतरतो. हे कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलं की संरक्षक थर जातो. मग फक्त ओल आणि हवा मिळायचा अवकाश. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा काँक्रीट देत नाही, म्हणून ते आतून फुटतं. तुमच्या बीमच्या खालच्या कडेला सळईच्या रेषेतच सरळ लांब भेग गेली आहे ना? ती ही. समुद्राच्या हवेतलं मीठ, किंवा बांधकामाच्या वेळीच खारी वाळू, मचूळ पाणी वापरलं गेलं असेल तर त्यातले क्लोराइड, हे दुसरं कारण. क्लोराइडला सामू उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. ते थराला जागोजागी भोकं पाडतं आणि सळई टाचणीने टोचल्यासारखी ठिकठिकाणी खोलवर खाल्ली जाते. वरून प्लास्टर ठणठणीत दिसत असतानाही.

१९८४ हे सालही लक्षात घ्या. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण १९८२मध्ये अर्धवट उठलं होतं, पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. परवान्याचं सिमेंट आणि बाजारातलं सिमेंट अशी दुहेरी व्यवस्था होती, आणि कोणत्या मिक्समध्ये किती सिमेंट पडलं हे मुकादमालाच ठाऊक. त्या वेळच्या १९७८च्या भारतीय मानकात आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, एम-१५ ताकदीचं काँक्रीट चालत होतं आणि स्लॅबच्या सळईखाली १५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, पुरेसं धरलं जायचं. २०००च्या सुधारित मानकाने किमान एम-२० केलं आणि कव्हर हवामानाप्रमाणे ठरवलं: किनाऱ्याच्या ‘तीव्र’ परिस्थितीत ४५ मिलिमीटर. आता हिशेब करा. कार्बोनेशन साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकतं. ज्या काँक्रीटमध्ये ते १० वर्षांत १० मिलिमीटर गेलं, त्यात ४० वर्षांत २० मिलिमीटर जाणार. तुमचं कव्हर कागदावर १५. प्रत्यक्षात ओततानाच्या साच्यावर (शटरिंगवर) सळई टेकलेली असेल तर पाचही नसेल. त्या पिढीच्या स्लॅबचे पोपडे एकाच वेळी सगळीकडे का पडायला लागतात, ते यातून कळतं.

आता जिवाणू. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी हे काम पुढे नेलं. बॅसिलस गटातले अल्कली सहन करणारे जिवाणू बीजाणूच्या (कवचातल्या सुप्त) रूपात, कॅल्शियम लॅक्टेट या त्यांच्या खाद्यासकट काँक्रीटमध्ये मिसळायचे. कोरड्यात ते वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. भेग पडून पाणी आत आलं की जागे होतात, लॅक्टेट खातात आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी तयार होते. भेग भरते. ०.८ मिलिमीटरपर्यंत रुंद भेगा अशा बुजल्याची नोंद आहे, त्याला काही आठवडे लागतात आणि पाणी लागतंच. या क्रियेत जिवाणू ऑक्सिजनही वापरतात, आणि गंजाला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे सळईला थोडा फायदा होऊ शकतो. नव्या पाण्याच्या टाक्या, तळघराच्या भिंती, बोगदे, जिथे बारीक भेगांतून पाणी झिरपणं हीच मुख्य अडचण असते, तिथे मला हे तंत्र आवडतं. जुन्या बांधकामासाठी फवारायची द्रावणंही निघाली आहेत, म्हणून तुमचा कंत्राटदार निव्वळ थाप मारतोय असं मी म्हणणार नाही.

पण तुमच्या बीममधली भेग पाण्याने किंवा आकुंचनाने पडलेली नाही. आत गंज वाढतोय म्हणून पडली आहे, आणि तो वाढतच राहणार. चुनखडीने आज बुजवली तर दोन पावसाळ्यांत शेजारून फुटेल. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात भेग दिसणार नाही आणि कमिटी निवांत होईल. भेग बुजली तरी सळईचा गेलेला छेद (तिची आडवी जाडी) परत येत नाही. ८ मिलिमीटरची सळई झिजून ६ची झाली तर डोळ्यांना फार फरक दिसत नाही, पण छेद ४४ टक्क्यांनी घटलेला असतो. जवळपास निम्मं लोखंड गेलं! ते कोणताही जिवाणू भरून देत नाही.

कंत्राटदाराला एक गोष्ट मात्र जरूर विचारा, आणि लेखी घ्या: यात कॅल्शियम कशातून येतं? चुनखडी तयार करायचा दुसरा मार्ग युरियाचा आहे. त्यात स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा जिवाणू युरिया फोडतो. प्रयोगशाळांत या मार्गाला बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड जोडलेलं असतं, कारण ते स्वस्त आहे आणि पटकन विरघळतं. वाळूच्या ढिगावर ते ठीक. आरसीसीवर कॅल्शियम क्लोराइड ओतणं म्हणजे ज्या विषापासून सळई वाचवायची तेच तिला पाजणं. नव्या आरसीसीत ओततानाच क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नको असं आपलं मानक सांगतं. दुरुस्तीच्या नावाखाली ती मर्यादा ओलांडायची?

आणि ‘जिवाणू’ ऐकून फार हुरळूनही जाऊ नका. काँक्रीट खाणारे जिवाणूही आहेत. सांडपाण्याच्या नळांत हायड्रोजन सल्फाइड वायू वर चढतो, नळाच्या ओल्या छतावरचे गंधक खाणारे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि काँक्रीटचा नळ वरच्या बाजूने भुसभुशीत होत जातो. जगभरच्या पालिकांना या किडीवर मोठा खर्च करावा लागतो.

रोमन काँक्रीटबद्दल. तो लेख बहुधा जानेवारी २०२३मधल्या संशोधनावर बेतलेला असावा. एमआयटीतल्या अद्मिर मासिच यांच्या गटाने इटलीतल्या प्रिव्हेर्नम या प्राचीन गावाच्या भिंतीचे नमुने तपासले. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. ते नीट न कालवल्यामुळे राहिले असावेत अशी बरीच वर्षं समजूत होती. या गटाने दाखवलं की चुना आधी पाण्यात विरवून न घेता कळीचा (कोरडा, न विरवलेला) चुनाच ज्वालामुखीच्या राखेत मिसळून वर पाणी घालत असावेत. मिश्रण त्यामुळे तापतं आणि चुन्याचे खडे तसेच राहतात. पुढे भेग पडली की ती या ठिसूळ खड्यांतून जाते, पाणी आलं की कॅल्शियम विरघळून भेगेत पुन्हा जमतं. त्यांनी नव्याने तसं काँक्रीट करून फोडलं, त्यातून पाणी वाहतं ठेवलं. कळीच्या चुन्याचे नमुने दोन आठवड्यांत बंद झाले, तसा चुना नसलेल्यातून पाणी वाहतच राहिलं. त्याआधी २०१७मध्ये मरी जॅक्सन यांच्या गटाने समुद्रातल्या रोमन धक्क्यांचा अभ्यास करून दाखवलं होतं की खारं पाणी त्या राखेशी क्रिया करून आत नवी खनिजं तयार करतं आणि धक्का काळागणिक अधिक घट्ट होतो.

वाचायला सुरेख आहे, आणि माझ्यासारख्याला तर हे वाचताना वेगळाच आनंद होतो. पण रोमन काँक्रीटमध्ये सळई नाही. एकही नाही. पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट लोखंडाविना उभा आहे, कारण घुमट, कमान, जाड भिंत यांत भार मुख्यतः दाबाचा असतो. तुमचा स्लॅब आडवा आहे, खालून ताणला जातो, आणि तो ताण फक्त सळई घेते. शिवाय एक उलटी गंमत आहे. चुन्याचं बांधकाम हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊनच कडक होतं, आपल्या किल्ल्यांचे बुरुज त्यावरच उभे आहेत. तेच कार्बोनेशन आरसीसीत आलं की सळईचं कवच उतरवतं. एकाचं अन्न ते दुसऱ्याचं अपथ्य. तेव्हा त्या सभासदांना सांगा, लेख बरोबर आहे, फक्त तो वाडे, किल्ले, देवळं आणि समुद्रातल्या बांधांबद्दल जास्त बोलतो, सोसायटीच्या स्लॅबबद्दल कमी.

ज्या नव्या संशोधनाचा तुमच्याशी खरोखर संबंध येऊ शकतो, त्यावर ग्रुपवर कोणी बोलत नाही. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती घालून केलेलं एलसी-३ सिमेंट. त्यात साधारण निम्माच क्लिंकर (सिमेंटचा भट्टीतून निघणारा मूळ घटक) असतो, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि थोडा जिप्सम. स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्युबातले संशोधक, आणि आपल्याकडे आयआयटी दिल्ली व मद्रास यांनी मिळून ते उभं केलं. भारतीय मानक २०२३ला आलं. क्लोराइडला ते चांगलंच अडवतं, पण कार्बोनेशन त्यात नेहमीच्या सिमेंटपेक्षा जरा लवकर आत जातं, कारण आतला चुना आधीच खर्च झालेला असतो. म्हणून कव्हर आणि क्युरिंग यांत हात आखडता घेऊन चालत नाही. उद्या पुनर्विकासाला गेलात तर खाडीजवळच्या पायासाठी हा विषय विकासकाच्या सल्लागाराकडे जरूर काढा. आजच्या दुरुस्तीत त्याचा उपयोग नाही.

गच्चीचा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलात, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. जुन्या कोब्यावर नवा कोबा घालू नका. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो, भिजला की आणखी. वावर असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये माणसं-सामानाचा भार धरलेला असतो चौरस मीटरला १५० किलो. म्हणजे नव्या कोब्याने तुम्ही गच्चीवर कायमची, न हलणारी, डिझाइनपेक्षा मोठी गर्दी उभी करता, तीही सळई झिजलेल्या स्लॅबवर. माझ्या पाहण्यातल्या कित्येक गच्च्यांवर तीन-तीन कोबे निघालेत. प्रत्येक कमिटीने आपला एक चढवलेला.

फ्लोरिडातल्या सर्फसाइडची इमारत आठवा. समुद्रकिनारी, १९८१ची, म्हणजे जवळपास तुमच्याच वयाची. २४ जून २०२१च्या मध्यरात्रीनंतर तिचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. तीन वर्षं आधीच्या अभियंत्याच्या अहवालात लिहिलं होतं की तरणतलावालगतच्या सपाट डेकचं वॉटरप्रूफिंग गेलंय, उतार नसल्याने पाणी साचतं आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झालंय. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या चौकशीत दिसलं की डेकच्या मूळ डिझाइनमध्येच कमतरता होती, वर नंतर झाडांच्या जड कुंड्या, माती, फरशा यांचा भार वाढत गेला, आणि आधी डेक कोसळला, मग इमारत. एका कारणाने इमारत क्वचितच पडते. डिझाइनमध्ये थोडी तूट, वरून वाढवलेला भार, खाली पाणी, आणि सभांमधून वर्षानुवर्षं पुढे ढकललेला खर्च. आपल्याकडे घाटकोपरला जुलै २०१७मध्ये तळमजल्यावर फेरफार करताना खांबांना हात लावला गेला आणि १७ जण गेले. तुमच्या तळमजल्यावर दुकानं असतील तर त्यांच्या आतल्या कामांवर नजर ठेवा. कोणी ‘जागा मोकळी’ करत असेल तर त्याच दिवशी काम थांबवा, सभा नंतर घ्या.

गच्चीचा उपाय: जुने सगळे थर स्लॅबपर्यंत काढायचे, ओझं उतरवायचं, स्लॅब वरून आणि खालून दुरुस्त करायचा, मग एकदाच हलकं वॉटरप्रूफिंग आणि नीट उतार. काढताना ब्रेकर मशीन नको. छिन्नी-हातोडा, आणि खाली टेकू.

पिंपळाचं. वड-पिंपळ-उंबराची फळं बुलबुल, मैना, तांबट खातात, बी विष्ठेतून भेगेत पडतं आणि ओल मिळाली की रुजतं. पिंपळ उगवलाय तिथे कुठला तरी पाइप बारमाही गळतोय, आधी तो शोधा. नुसता फांद्या तोडून उपयोग नाही, दर पावसाळ्यात तो जाडच होत जातो. रोप लहान असेल तर भोवतीचं प्लास्टर, सांधा खोलून मुळासकट काढा. मूळ जाड असेल तर ओढू नका, अर्धी भिंत घेऊन येईल. कापून ताज्या कापावर तणनाशक लावा, मूळ पूर्ण वाळू द्या, मग पोकळी भरा. आणि संडासाचं अ‍ॅसिड अजिबात ओतू नका. तो सोपा उपाय सगळे वॉचमन सांगतात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं: चुना खातं आणि मागे क्लोराइड सोडून जातं.

आता तुमच्या अहवालाकडे. पाठवलेल्या पानांत रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर ठोका देऊन काँक्रीटचा कडकपणा पाहणारं यंत्र) आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची चाचणी) यांच्या नोंदी आहेत. सळईबद्दलची एकही चाचणी नाही. शिवाय कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे हॅमर अशा ठिकाणी खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवतो. आजारी काँक्रीट पास होतं. ऑडिटरकडून तीन गोष्टी जादा मागून घ्या. पहिली, फिनॉल्फथॅलीन, म्हणजे सामूप्रमाणे रंग बदलणारं द्रावण. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडायचा, धूळ झटकायची, लगेच द्रावण फवारायचं. चांगलं काँक्रीट गडद गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेलं करडंच राहतं. पट्टीने करड्या थराची जाडी मोजायची आणि तिथलं कव्हर किती आहे ते शेजारी लिहायचं. गुलाबी रेषा सळईच्या बाहेर की आत, हे सभासदांच्या डोळ्यांदेखत दिसतं. सभेत वीस पानं वाचून दाखवण्यापेक्षा हे एकदा करून दाखवा, वाद निम्मे होतील. दुसरी, हाफ-सेल पोटेन्शियल, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजणं: उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. तिसरी, क्लोराइड, आणि तो पृष्ठभागाची पूड घेऊन नव्हे, वेगवेगळ्या खोलीवरचा. वरती जास्त आणि आत कमी असेल तर मीठ हवेतून आलंय. सगळीकडे सारखं असेल तर ते पहिल्या दिवसापासून आत आहे, आणि मग दुरुस्ती किती वर्षं पुरेल याचा हिशेबच बदलतो. तेव्हा पुनर्विकासाची चर्चा लवकर सुरू करा असंच मी सांगेन.

कोटेशनं तुलना करताना स्क्वेअर फुटाचा दर पाहू नका. सळईमागचं काँक्रीट काढणार का ते पाहा. दिसणारा भाग छिलून वर पॉलिमर मॉर्टर थापलं तर सळईचा मागचा अर्धा जुन्या, मिठाच्या काँक्रीटमध्येच राहतो. सळईमागे बोट जाईल एवढी, २०-२५ मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि गंज संपून स्वच्छ सळई लागेपर्यंत लांबीत पुढे जायला हवं. क्लोराइड असेल तर आणखी एक भानगड होते: दुरुस्त केलेल्या पट्ट्याच्या शेजारची, आतापर्यंत बरी असलेली सळई गंजायला लागते. आधी गंजणारा भाग शेजाऱ्याला नकळत वाचवत होता, तो बरा केला की पाळी शेजाऱ्याची. यासाठी पट्ट्याच्या कडेला सळईला जस्ताचे छोटे अ‍ॅनोड बांधतात, जस्त गंजतं आणि सळई वाचते. तुमच्याकडे आलेल्या कोटेशनांत त्याचा उल्लेख आहे का, पाहा. क्लोराइडचा निकाल येईपर्यंत त्यावर खर्च मंजूर करू नका. निकाल वाईट आला तर मात्र तो वगळू नका.

आणि हे सगळं ठरेपर्यंत चौथ्या मजल्यावरच्या ज्या स्वयंपाकघरात सळया उघड्या पडल्याचं लिहिलंय, तिथे या आठवड्यात स्टीलचे टेकू लावून घ्या. टेकू एकाच मजल्यावर थांबवू नका, खालच्या मजल्यांवर त्याच रेषेत उतरवत जमिनीपर्यंत न्या, नाहीतर भार फक्त खालच्या घराच्या डोक्यावर जातो. खालचे सभासद कुरकुर करतील. त्यांना कोब्याच्या वजनाचा आकडा सांगा.